बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर दाहशामक वेदनाशामकांचा वापर

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर दाहशामक वेदनाशामकांचा वापर हा लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या दीर्घकालीन देखभालीतील महत्त्वाचा विषय आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक इत्यादी औषधांना बिगर-स्टेरॉइड दाहशामक औषधे किंवा संक्षेपाने 'एनसेड' असे म्हणतात. गॅस्ट्रिक बायपास झालेल्या रुग्णांत या औषधांमुळे जठर व आतडे यांच्या जोडावर व्रण होण्याचा, त्यातून रक्तस्राव होण्याचा आणि क्वचित तेथे छिद्र पडण्याचा धोका वाढतो. त्यामुळे अशा रुग्णांनी ही औषधे शक्यतो आजीवन टाळावीत, असे बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीनंतर हा निर्बंध तुलनेने सैल मानला जातो. मात्र त्याबाबत तज्ज्ञांत पूर्ण एकमत नाही.

प्रश्नाची गुंतागुंत रुग्णांच्या स्थितीतच आहे. अतिलठ्ठ व्यक्तींमध्ये गुडघ्यांचा अस्थिसंधिशोथ व पाठदुखी यांचे प्रमाण मोठे असते आणि अशा दुखण्यावर सर्वाधिक वापरली जाणारी औषधे नेमकी हीच असतात. शस्त्रक्रियेपूर्वी अनेक वर्षे रोज एक गोळी घेणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर ती कायमची सोडावी लागते.

औषधांचे कार्य

शरीरातील सायक्लोऑक्सिजनेज (कॉक्स) या विकरामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. वेदना, सूज व ताप यांत त्यांचा सहभाग असतो. ॲस्पिरिन व तत्सम औषधे हे विकर रोखतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना सुने बर्गस्ट्रोम व बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासह १९८२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जठराच्या अस्तरात मात्र प्रोस्टाग्लँडिनचे काम संरक्षणाचे असते. त्यांच्यामुळे अस्तरावर श्लेष्म्याचा थर टिकून राहतो, आम्लाचे उदासिनीकरण करणारे बायकार्बोनेट स्रवते, अस्तराला पुरेसा रक्तपुरवठा होतो आणि झिजलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात. वेदना थांबवणारे औषध हे चारही संरक्षक मार्ग एकाच वेळी दुबळे करते. शिवाय ही औषधे रक्तातील प्लेटलेटचे कार्य मंदावतात. त्यामुळे व्रणातून रक्त वाहू लागल्यास ते लवकर थांबत नाही.

एनसेडचा जठरावरील मुख्य दुष्परिणाम औषध रक्तात मिसळल्यानंतर घडतो. गोळीचा अस्तराला थेट स्पर्श होऊन होणारी इजा हा त्याचा लहान भाग आहे. म्हणूनच इंजेक्शन, गुदद्वारावाटे घ्यायची बत्ती किंवा आतड्यात विरघळणारे आवरण असलेली गोळी वापरल्याने धोका टळत नाही. 'पोटातून औषध गेलेच नाही, तर पोटाला त्रास कसा होईल' हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे.

बायपासनंतरची रचना

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणावर गॅस्ट्रिक बायपासचा वापर सुरू केला. आज प्रचलित असलेला प्रकार 'रू-एन-वाय' बायपास या नावाने ओळखला जातो. हे नाव स्विस शल्यचिकित्सक सेझार रू यांच्यावरून व जोडलेल्या आतड्याच्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या आकारावरून पडले आहे. यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण १५ ते ३० मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी वेगळी केली जाते आणि ती लहान आतड्याच्या मध्यभागाला, म्हणजे मध्यांत्राला जोडली जाते. उरलेले मोठे जठर शरीरातच राहते, परंतु अन्न त्यातून जात नाही.

निरोगी व्यक्तीत जठरातील आम्ल प्रथम आद्यांत्रात उतरते. तेथील ग्रंथी व स्वादुपिंडाचा रस बायकार्बोनेट पुरवतात, पित्तही तेथेच मिसळते आणि आम्लाची तीव्रता कमी होते. बायपासनंतर आम्लाचा हा मार्गच बदलतो. लहान पिशवीत आम्ल थोडेच तयार होते, पण जे तयार होते ते थेट मध्यांत्राच्या अस्तरावर पडते आणि या अस्तराला आम्ल सोसण्याची सवय नसते. पित्त व स्वादुपिंडाचा रस बऱ्याच खाली येऊन मिळतात. जोडाजवळ ऊती कापून शिवलेल्या असल्याने तेथील रक्तपुरवठाही मूळच्या जठराइतका भक्कम नसतो. थोडक्या आम्लातही येथे व्रण होऊ शकतो. प्रोस्टाग्लँडिनचे संरक्षण काढून घेतल्यास तो होण्यास आणखी वाव मिळतो आणि झालेला व्रण भरून येण्यास वेळ लागतो.

मार्जिनल अल्सर

जठर व मध्यांत्र यांच्या जोडाजवळ, बहुधा आतड्याच्या बाजूला होणाऱ्या व्रणाला मार्जिनल अल्सर म्हणतात. हा व्रण लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांच्या आधीपासून ज्ञात आहे. पेप्टिक अल्सरवर उपचार म्हणून जठर आतड्याला जोडण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली, तेव्हाच जोडाच्या पलीकडे नवे व्रण होत असल्याचे शल्यचिकित्सकांच्या ध्यानात आले होते.

बायपासनंतर याचे प्रमाण किती, याविषयीचे आकडे फार विखुरलेले आहेत. निरनिराळ्या अहवालांत ०.६ ते १६ टक्के असे प्रमाण दिलेले आढळते. तक्रार असलेल्यांचीच एंडोस्कोपी केली की सर्वांची, पाठपुरावा किती वर्षे केला आणि पिशवी किती मोठी ठेवली होती, यांवर हा आकडा अवलंबून असतो.

एनसेड हे या व्रणाचे एकमेव कारण नाही. धूम्रपान हा सर्वांत ठळक धोका-घटक मानला जातो. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आधीच कमी रक्तपुरवठा असलेला जोड अधिक उपाशी राहतो. मधुमेह, स्टेरॉइड औषधे, पूर्वीचा पेप्टिक अल्सर, प्रमाणाबाहेर मोठी पिशवी, न विरघळणारे टाके, तसेच पिशवी व उरलेले जठर यांच्यात पुन्हा मार्ग तयार होणे, ही इतर कारणे होत. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचाही संबंध सांगितला जातो, परंतु त्याविषयीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेपूर्वीच या जिवाणूची तपासणी करून उपचार केले जातात. प्रत्यक्षात दोन-तीन कारणे एकत्र आली की धोका बराच वाढतो. सिगारेट ओढणारा आणि दुखण्यासाठी रोज गोळी घेणारा रुग्ण हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

वरच्या पोटात दुखणे, मळमळ, उलटी, अन्न न सोसणे ही लक्षणे होत. काहींना काहीच त्रास जाणवत नाही. हळूहळू होणाऱ्या रक्तस्रावामुळे आलेला रक्तक्षय हीच पहिली खूण ठरते. छिद्र पडल्यास पोटात अचानक तीव्र वेदना होतात आणि तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. ही घटना मूळ शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच घडते असे नाही. ती अनेक वर्षांनीही घडू शकते, म्हणजे वजन उतरलेले असते, रुग्णालयाशी संपर्क तुटलेला असतो आणि जुने निर्बंध विस्मरणात गेलेले असतात अशा वेळी.

शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार फरक

जगभरात सध्या सर्वाधिक केल्या जाणाऱ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा बाहेरच्या वक्र बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. जठराचे खालचे दार शाबूत राहते व आतड्याशी नवा जोड केला जात नाही. त्यामुळे मार्जिनल अल्सर होण्यासाठी लागणारी जागाच येथे नसते. सामान्य माणसाला एनसेडमुळे होणारा जठरव्रण मात्र या रुग्णांनाही होऊ शकतो. स्लीव्हनंतर अनेकांना आम्ल घशाशी येण्याचा त्रास होतो आणि पुढे काहींचे रूपांतर बायपासमध्ये करावे लागते. त्यामुळे कित्येक शल्यचिकित्सक येथेही सावधगिरी सुचवतात.

एकाच जोडाचा बायपास, ज्याला 'मिनी बायपास' असेही म्हणतात, अमेरिकी शल्यचिकित्सक रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केला आणि तो भारतात बराच केला जातो. यात जठराची लांबट नळी आतड्याच्या वळणाला जोडतात, पित्त जोडावरूनच वाहते आणि मार्जिनल अल्सर येथेही होतो. एनसेडविषयी त्याला रू-एन-वाय बायपाससारखेच नियम लावले जातात. ड्युओडिनल स्विच या शस्त्रक्रियेत जठराचे खालचे दार राखून त्यापुढील आद्यांत्राशी जोड केला जातो, म्हणून तेथे असे व्रण कमी आढळतात.

पुराव्याचे स्वरूप

अमेरिकेतील पाच वैद्यकीय संघटनांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१९ च्या सुधारित आवृत्तीत बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर एनसेड शक्य असल्यास पूर्णपणे टाळावीत आणि पर्यायी वेदनाशामक कोणते द्यायचे हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवावे, असे म्हटले आहे. ही शिफारस ज्या पुराव्यावर उभी आहे तो प्रामुख्याने निरीक्षणात्मक आहे. काही रुग्णांना मुद्दाम एनसेड देऊन व काहींना न देऊन व्रणांची तुलना करणारा मोठा प्रयोग नैतिकदृष्ट्या करता येण्यासारखा नाही.

अनेक रुग्णालयांच्या नोंदींत एनसेड घेणाऱ्यांत व्रण अधिक आढळले. याउलट स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांनी चित्र थोडे बदलले. त्यांत अल्पकाळ किंवा अल्प प्रमाणात एनसेड घेणाऱ्या बायपास रुग्णांत धोका वाढलेला दिसला नाही. महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ सलग घेणाऱ्यांत मात्र तो वाढलेला दिसला. स्लीव्ह झालेल्यांत असा संबंध आढळला नाही.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. स्वीडनमध्ये लहान मात्रेची आयबुप्रोफेन चिठ्ठीविना मिळते आणि ती चिठ्ठीवरील औषधांच्या नोंदवहीत येत नाही. दुसरे म्हणजे, ज्यांचे पोट नाजूक आहे अशांना डॉक्टर एनसेड देतच नाहीत, त्यामुळे ती घेणारा गट मुळातच अधिक निरोगी असू शकतो. अशाच उलट्या निवडीमुळे काही अभ्यासांत आम्लरोधक औषधे घेणाऱ्यांत व्रण अधिक दिसतात. औषधाने व्रण होतो असा त्याचा अर्थ नसून ज्यांना त्रास आहे त्यांनाच ते औषध दिले जाते, एवढाच आहे.

एखाद्या प्रसंगी घेतलेली एक गोळी आणि महिनोन्‌महिने चाललेले सेवन यांत मोठा फरक आहे, एवढे या पुराव्यावरून म्हणता येते. तरीही शल्यचिकित्सक सहसा सरसकट मनाई करतात. 'थोडे चालेल' या सवलतीचे रोजच्या सवयीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. काही केंद्रांत शस्त्रक्रियेच्या वेळीच ओपिऑइड औषधांची गरज कमी व्हावी म्हणून केटोरोलॅकची मोजकी इंजेक्शने दिली जातात. हा वापर डॉक्टरांच्या देखरेखीखालील व अल्पकाळाचा असतो. त्यावरून घरी गोळ्या घेणे सुरक्षित ठरत नाही.

निवडक कॉक्स-२ रोधक व संरक्षक औषधे

सायक्लोऑक्सिजनेजचे दोन प्रकार असून जठराचे संरक्षण मुख्यत्वे पहिल्याकडे आणि दाह दुसऱ्याकडे असतो, या समजुतीवर सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही औषधे तयार झाली. त्यांच्यामुळे जठरव्रण कमी होतात, पण अजिबात होत नाहीत असे नाही. हृदयविकाराचा धोका वाढल्यामुळे याच गटातील रोफेकॉक्सिब सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. लठ्ठपणाबरोबर मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांच्या बाबतीत ही बाब दुर्लक्षिता येत नाही. सोबत ॲस्पिरिन घेतल्यास या गोळ्यांचा जठरासाठीचा फायदा बराचसा नाहीसा होतो. बायपासनंतरच्या वापराविषयीचे अभ्यास मोजके आहेत. दुसरा उपाय उरला नसेल तर काही तज्ज्ञ सेलेकॉक्सिब व आम्लरोधक अशी जोडी मर्यादित काळासाठी देतात.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी प्रोटॉन पंप रोधक औषधे बायपासनंतर बहुधा किमान तीन महिने दिली जातात. ती आम्ल कमी करतात. रक्तपुरवठ्याची उणीव भरून काढत नाहीत आणि खालच्या आतड्याला एनसेडमुळे होणारी इजाही रोखत नाहीत. म्हणून 'सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली की झाले' हा उपाय अपुरा आहे. मिसोप्रोस्टॉल हे प्रोस्टाग्लँडिनसदृश औषध तत्त्वतः अधिक नेमके ठरते, परंतु त्याने जुलाब होतात व गर्भपात होऊ शकतो. बॅरिॲट्रिक रुग्णांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी असल्याने त्याचा वापर मर्यादित राहतो.

मूत्रपिंड व रक्तक्षय

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत रुग्णाला एका वेळी थोडेच पाणी पिता येते आणि उलट्या झाल्यास शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. अशा वेळी मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर टिकून असतो. एनसेडमुळे तो आधार जातो. रक्तदाबासाठी एसीई रोधक गटातील औषध व मूत्रल औषध चालू असेल तर मूत्रपिंडे अचानक निकामी होण्याचा धोका विशेष वाढतो. बायपासनंतर मूत्रातील ऑक्झलेटचे प्रमाणही वाढू शकते, हा मूत्रपिंडांवरील आणखी एक ताण.

आद्यांत्रातील लोहशोषणाचा मार्ग टळल्याने बायपास रुग्णांत लोहाची कमतरता मुळातच वारंवार आढळते. त्यामुळे हिमोग्लोबिन घसरल्यावर ते आहारामुळे झाले असे गृहीत धरले जाते आणि जोडावरील व्रणाकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते.

ॲस्पिरिन

हृदयविकारासाठी घेतली जाणारी अल्प मात्रेची ॲस्पिरिन (भारतात बहुधा ७५ किंवा १५० मिलिग्रॅम) हा स्वतंत्र विषय आहे. हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाने ती परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. अल्प मात्रेमुळे मार्जिनल अल्सर ठळकपणे वाढतात, असे उपलब्ध निरीक्षणांत दिसलेले नाही. त्यामुळे हृदयासाठी ती आवश्यक असल्यास सहसा आम्लरोधकासह चालू ठेवली जाते व निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक मिळून घेतात. डोकेदुखीसाठी घेतली जाणारी ३०० मिलिग्रॅमपेक्षा मोठी मात्रा यात बसत नाही.

पर्याय

पॅरासिटामॉल हे पहिल्या पसंतीचे औषध होय. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मात्रा ४ ग्रॅम असते. यकृताचा विकार, मद्यसेवन किंवा बरेच उतरलेले वजन असल्यास ती कमी ठेवतात. दाह कमी करण्याची त्याची शक्ती मर्यादित असल्याने सुजलेल्या सांध्यावर ते अपुरे पडते, ही रुग्णांची तक्रार रास्त आहे.

गुडघेदुखीवर डायक्लोफिनॅकचा लेप हा उपयुक्त मध्यममार्ग ठरतो. लेपातून रक्तात जाणारे औषध गोळीच्या तुलनेत सुमारे ६ टक्के असते. सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन, भौतिकोपचार व मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांचाही उपयोग होतो. खुद्द वजन घटल्याचा परिणाम सर्वांत मोठा असतो: शरीराचे वजन एक किलोने कमी झाल्यास चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. काही रुग्णांची गोळीची गरज त्यामुळेच संपते.

मज्जातंतूंच्या वेदनेसाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन दिली जातात. ट्रॅमाडॉल व इतर ओपिऑइड औषधे व्रण करत नाहीत, पण त्यांचे व्यसन लागू शकते. बायपासनंतर मद्याचे शोषण जलद होते व काहींत मद्याचे अवलंबित्व नव्याने निर्माण होते, ही गोष्ट अशा औषधांच्या बाबतीतही ध्यानात ठेवली जाते. वजन वेगाने उतरताना संधिवाताचा (गाउट) झटका येऊ शकतो; तेव्हा नेहमीच्या एनसेडऐवजी कोल्चिसिन देतात.

व्रण झाल्यावरील उपचार

एनसेड व तंबाखू बंद करणे हा उपचाराचा पाया आहे. त्यासोबत प्रोटॉन पंप रोधक मोठ्या मात्रेत व सुक्राल्फेट द्रवरूपात देतात. कॅप्सूल उघडून आतील दाणे घेतल्यास व्रण लवकर भरतो, कारण लहान पिशवीत व आखूड झालेल्या मार्गात अखंड कॅप्सूल विरघळण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उघडलेल्या कॅप्सूलने व्रण भरण्याचा मध्यक काळ ९१ दिवस, तर अखंड कॅप्सूलने ३४२ दिवस आढळला. छिद्र पडले असल्यास ते शिवून त्यावर पोटातील मेदपटलाचा तुकडा लावतात. वारंवार उलटणाऱ्या व्रणात जोड काढून नव्याने करावा लागतो.

भारतातील स्थिती

भारतात डायक्लोफिनॅकसारखी औषधे 'अनुसूची एच' मध्ये येतात, म्हणजे ती केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकता येतात. प्रत्यक्षात ती औषधाच्या दुकानात सहज मिळतात. त्याहून मोठी अडचण मिश्र गोळ्यांची आहे. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असते; मासिक पाळीतील दुखण्यावर घेतल्या जाणाऱ्या मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड असते; डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच. ॲसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल व सेराशिओपेप्टिडेज यांची एकत्रित गोळी तर हाडांच्या व दातांच्या दुखण्यावर सर्रास लिहून दिली जाते. 'मी फक्त तापाची गोळी घेतली' असे सांगणाऱ्या रुग्णाने नकळत एनसेड घेतलेले असू शकते. म्हणून वेष्टनावरील व्यापारी नावापेक्षा खाली बारीक अक्षरांत छापलेले घटक पाहणे आवश्यक असते. सांधेदुखीवर खात्रीचा उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बेनामी चूर्णांतही स्टेरॉइड किंवा दाहशामक औषधे मिसळलेली आढळली आहेत.

अशी औषधे बहुधा बॅरिॲट्रिक शल्यचिकित्सक देत नाहीत. ती दंतवैद्य, अस्थिरोगतज्ज्ञ किंवा गल्लीतील दवाखान्यातून मिळतात. पोटावरील व्रण दिसेनासे झालेले असतात आणि सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तीला लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली असेल अशी शंका समोरच्याला येत नाही. लोकांच्या कुचेष्टेच्या भीतीने काही रुग्ण ती गोष्ट लपवूनही ठेवतात.

शस्त्रक्रियेच्या प्रकारावर नियम अवलंबून असले तरी अनेक रुग्णांना 'वजनाचे ऑपरेशन झाले' एवढेच ठाऊक असते. स्लीव्ह की बायपास हे सांगता येत नाही. तातडीच्या प्रसंगी हा तपशील निर्णायक ठरतो. बायपास झालेल्या व्यक्तीचे उरलेले जठर व आद्यांत्र नेहमीच्या एंडोस्कोपीच्या आवाक्यात नसते, त्यामुळे तेथील रक्तस्राव साध्या तपासणीत दिसत नाही आणि सीटी स्कॅन, विशेष लांब दुर्बीण किंवा पोटातून केलेला मार्ग यांचा आधार घ्यावा लागतो. शस्त्रक्रियेचे नाव, दिनांक व वर्ज्य औषधांची यादी असलेले कार्ड काही केंद्रे घरी जाताना रुग्णाला देतात.